स्प्रिंगबॉक बघताना नजर कुठे ठेवायची? : वाचकांचे प्रश्न

दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ, म्हणजे स्प्रिंगबॉक. १९९५, २००७, २०१९ आणि २०२३ असे चार विश्वचषक जिंकणारा हा एकमेव पुरुष संघ. हा संघ नेमाने बघणाऱ्या आणि आता नव्याने बघायला लागलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बरेचसे प्रश्न २०२३ भोवतीच फिरतात. ते बरंच झालं, कारण या संघाची सगळी रीत त्या एका स्पर्धेत उघडी पडते.

प्रश्न (नागपूर) : २०२३ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिका गटात आयर्लंडकडून १३-८ अशी हरली. मग उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सला २९-२८, उपांत्य फेरीत इंग्लंडला १६-१५ आणि अंतिम सामन्यात न्यूझीलंडला १२-११ असं हरवलं. तिन्ही वेळा फरक एका गुणाचा. मित्र म्हणतात, निव्वळ नशीब. खरंच तसं आहे का?

उत्तर : नशिबाचा वाटा होता, तो नाकारू नये. अंतिम सामन्यात ७३व्या मिनिटाला न्यूझीलंडच्या जॉर्डी बॅरेटची लांबची पेनल्टी (समोरच्याच्या चुकीबद्दल मिळणारी किक) गोलात गेली असती, तर चषक न्यूझीलंडला गेला असता. पण एक सामना एका गुणाने जिंकणं वेगळं आणि ओळीने तीन जिंकणं वेगळं. ते तीन गुण कुठून आले ते पाहिलं की मित्रांना उत्तर देता येईल.

सुरुवात आयर्लंडच्या सामन्यापासून करा. त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेच्या चार किक हुकल्या: मॅनी लिबॉकचं एक कन्व्हर्जन (ट्राय, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवल्यावर मिळणारी किक) आणि एक पेनल्टी, शिवाय फाफ डी क्लर्कच्या दोन लांबच्या पेनल्टी. कन्व्हर्जनचे २, पेनल्टीचे प्रत्येकी ३, असे एकूण ११ गुण हातचे गेले आणि पराभव झाला ५ गुणांनी. म्हणजे खेळ कमी पडला नव्हता, पाय कमी पडला होता. हँड्रे पोलार्ड हा भरवशाचा किकर मूळ संघात नव्हताच. हुकर (पुढच्या फळीतला मधला खेळाडू) माल्कम मार्क्सच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याच्या जागी पोलार्डला बोलावलं. हुकरच्या जागी फ्लाय-हाफ (चाल रचणारा, बहुधा किकही मारणारा खेळाडू) घेणं तेव्हा अनेकांना विचित्र वाटलं होतं. दुसरा हुकर न घेण्याची किंमत पुढे मोजावी लागली, ते खाली येईलच. पण पोलार्ड नसता तर तो चषक नसता, हे आम्ही ठामपणे म्हणू.

फ्रान्सच्या सामन्यात निर्णायक ठरली ती चेस्लिन कोल्बीची धाव. फ्रान्सच्या ट्रायनंतर तोमा रामोस कन्व्हर्जन घ्यायला उभा राहिला. नियम असा की बचाव करणारे सगळे आपल्या गोलरेषेमागे उभे राहतात आणि किकर पुढे सरकायला लागला की त्यांना धावता येतं. कोल्बीची नजर चेंडूवर नव्हती, रामोसच्या पायांवर होती. रामोस हलला त्याच क्षणी कोल्बी सुटला आणि किक हवेत उठता उठताच त्याने अडवली. फ्रान्सचे दोन गुण गेले. शेवटी अंतर एकाचं होतं. कन्व्हर्जन म्हटलं की आपण चहा आणायला उठतो, पण या संघाचा सामना असेल तर बसून राहा.

इंग्लंडविरुद्ध पावसात ५३व्या मिनिटाला फलक १५-६ असा इंग्लंडच्या बाजूने होता. प्रशिक्षकांनी ३१व्या मिनिटालाच लिबॉकला काढून पोलार्डला आणलं होतं. ६९व्या मिनिटाला आर. जी. स्नायमनने ट्राय केला, पोलार्डच्या कन्व्हर्जनने १५-१३ झाले. मग शेवटच्या काही मिनिटांत स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण भिडून रेटतात तेव्हा, पेनल्टी मिळाली आणि जवळपास ४९ मीटरवरून पोलार्डने ती मारली. अंतिम सामन्यात तर दक्षिण आफ्रिकेचे सगळे १२ गुण त्याच्या चार पेनल्टींचे, तेही पहिल्या अर्ध्यातले. दुसऱ्या अर्ध्यात त्यांचा एकही गुण नाही! चाळीस मिनिटं नुसता बचाव. पीटर-स्टेफ ड्यू टॉइटने एकट्याने २८ टॅकल केले, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्याला २८ वेळा पकडून पाडलं.

तेव्हा तीन जागा लक्षात ठेवा: किकरचा पाय, स्क्रम आणि राखीव खेळाडूंचा बाक. हा संघ या तीन जागांवर गुण साठवतो. ट्राय बघत बसलात तर सामना हातातून कधी गेला ते कळत नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : ‘बॉम्ब स्क्वॉड’ आणि ‘सात-एक’ म्हणजे काय? आठ राखीव खेळाडूंत सात फॉरवर्ड घेणं नियमात बसतं का?

उत्तर : बसतं. फॉरवर्ड म्हणजे स्क्रममध्ये रेटणारे आठ, बॅक म्हणजे त्यांच्यामागे खेळणारे सात. सामन्यासाठी २३ खेळाडू, त्यांतले १५ मैदानात आणि ८ बाकावर. नियमाची अट एवढीच की २३ मध्ये पुढच्या फळीत खेळू शकणारे निदान सहा हवेत, म्हणजे लूजहेड प्रॉप, हुकर आणि टाइटहेड प्रॉप या तिन्ही जागांना प्रत्येकी एक पर्याय. कारण स्क्रममध्ये मानेवर येणारा भार सराव नसलेल्याने घेतला तर मणक्याला इजा होऊ शकते. पर्यायी खेळाडू उरला नाही तर पंच रेटारेटीशिवायचा स्क्रम लावतात आणि ज्याच्या बाहेर जाण्याने ही वेळ आली त्याच्या जागी दुसरा आणता येत नाही. संघ एका माणसाने कमी पडतो.

उरलेले पाच जण कोण, हे प्रशिक्षकाच्या मर्जीवर. जगातले बहुतेक संघ पाच फॉरवर्ड आणि तीन बॅक घेतात. स्प्रिंगबॉकनी २०१९ मध्ये सहा-दोनची सवय लावली आणि २०२३ मध्ये सात-एकपर्यंत गेले. त्या वर्षी २५ ऑगस्टला ट्विकनहॅमला न्यूझीलंडविरुद्ध ऐनवेळी एक बॅक बाहेर पडला, त्याच्या जागी बाकावर फॉरवर्ड घेतला आणि सामना ३५-७ असा जिंकला. मग आयर्लंडविरुद्ध आणि अंतिम सामन्यातही तेच केलं. सात फॉरवर्ड आणि एक बॅक म्हणजे सात-एक, आणि बाकावरच्या या फॉरवर्डांच्या फौजेला म्हणतात ‘बॉम्ब स्क्वॉड’.

यामागचा हिशोब साधा आहे. फॉरवर्डचं काम रेटण्याचं, उचलण्याचं, पाडण्याचं. पन्नासाव्या मिनिटापर्यंत त्यांचे पाय जड होतात. तेव्हा पुढची फळी एकदम बदलली, सोबत एक-दोन लॉकही (दुसऱ्या फळीतले उंच फॉरवर्ड) आणले, की दमलेल्या आठांसमोर बरेचसे ताजे पाय येतात. विंगर किंवा फुलबॅक मात्र बहुधा ८० मिनिटं खेळू शकतो. म्हणून बॅकचे पर्याय कमी आणि फॉरवर्डचे जास्त.

आता यात काय बिघडू शकतं, ते त्याच अंतिम सामन्यात दिसलं. तिसऱ्याच मिनिटाला हुकर बाँगी म्बोनाम्बी गुडघा दुखावून बाहेर गेला. ३७ वर्षांचा डिऑन फूरी आत आला. तो मुळात फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड) म्हणून घेतलेला, हुकरही खेळणारा. त्याच्यामागे दुसरा हुकर नव्हता, म्हणून त्याने जवळपास सगळा सामना काढला. लाइनआउटमध्ये, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू पुन्हा आत आणताना, तो फेकण्याचं काम हुकरचं. ही फेक म्हणजे अंतर, उंची आणि वेळ यांचं जमवून आणलेलं गणित. उचलणारे दोघे, उडी मारणारा आणि फेकणारा यांचा मेळ आठवडाभर बसवलेला असतो. माणूस बदलला की तो विस्कटतो. त्या दिवशी स्प्रिंगबॉकचे लाइनआउट गडबडले त्याचं मूळ इथे होतं. शिवाय २३ जणांत अस्सल स्क्रम-हाफ (स्क्रममधून चेंडू काढून देणारा बॅक) एकच, फाफ डी क्लर्क. त्याला काही झालं असतं तर तिथे कोणीतरी कामचलाऊ उभा करावा लागला असता.

त्यामुळे संघाची यादी हाती आली की पहिले पंधरा सगळेच वाचतात, तुम्ही १६ ते २३ क्रमांक आधी वाचा. १६ हुकर, १७ लूजहेड, १८ टाइटहेड हे ठरलेलं. १९ पासून मोजा: किती फॉरवर्ड, किती बॅक, स्क्रम-हाफचा पर्याय आहे का, किकरला काही झालं तर किक कोण मारणार. बहुतेक संघ यादी गुरुवारी किंवा शुक्रवारी देतात. स्प्रिंगबॉक बऱ्याचदा मंगळवारीच जाहीर करून मोकळे होतात.

प्रश्न (डोंबिवली) : स्क्रम मला अजिबात कळत नाही. दोन्ही बाजू पडतात, पंच शिट्टी वाजवतात, पेनल्टी कोणाला ते कळेपर्यंत किक मारूनही होते. टीव्हीवर नेमकं काय बघायचं?

उत्तर : हा प्रश्न सगळ्यांत जास्त वाचकांनी विचारला, म्हणून जरा सविस्तर.

स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण. पुढच्या फळीत १ नंबरचा लूजहेड, २ नंबरचा हुकर, ३ नंबरचा टाइटहेड. लूजहेडचं डोकं बाहेरच्या बाजूला मोकळं असतं. टाइटहेडचं डोकं समोरच्या दोन डोक्यांच्या मधे अडकतं, म्हणजे त्याच्यावर समोरचा लूजहेड आणि हुकर अशा दोघांचा भार. म्हणून चांगला टाइटहेड मिळणं कठीण आणि म्हणूनच संघ त्याला जपतात.

पंच तीन हाका देतात: ‘क्राउच’, ‘बाइंड’, ‘सेट’. पहिल्या हाकेला वाकायचं, दुसऱ्या हाकेला समोरच्या प्रॉपची जर्सी पकडायची, तिसऱ्या हाकेला भिडायचं. ‘सेट’च्या आधी घुसलात तर फ्री किक समोरच्याला. चेंडू आत येण्याआधी रेटलंत तरी तेच. इथे लहान चूक म्हणजे फ्री किक आणि मोठी चूक म्हणजे पेनल्टी, एवढं ध्यानात ठेवा.

भिडल्यावर चेंडू शोधू नका. जवळच्या बाजूच्या प्रॉपची पाठ बघा. खांदे कमरेच्या वर किंवा कमरेच्या रेषेत असतील आणि पाठ जमिनीला समांतर असेल तर तो सुस्थितीत आहे. खांदे कमरेखाली गेले की तो तोंडावर पडणार. मग त्याचा बाहेरचा हात बघा. कोपर वर आणि पकड लांब, पाठीकडे असेल तर ठीक. कोपर खाली वळलं, हात समोरच्याच्या दंडावर घसरला किंवा जमिनीला टेकला, तर बहुधा पंचांचा हात त्याच्याविरुद्ध उठतो. तिसरी खूण कमरेची. प्रॉप सरळ न रेटता आत, हुकरच्या दिशेने तिरका शिरला की त्याची कंबर बाहेर निघते. हे वरून टिपणाऱ्या कॅमेऱ्यात फार स्वच्छ दिसतं. चौथी खूण सगळ्यांत सोपी: दाब सहन न होऊन एखादा प्रॉप मधेच सरळ उभा राहिला तर त्याची बाजू हरली.

स्क्रम कोसळला तर दोष कोणाचा, यावर पंचांचंही एकमत नसतं. तेव्हा एकाच स्क्रमवरून निष्कर्ष काढू नका, तीन-चार स्क्रमची साखळी बघा. एक बाजू सतत पुढे सरकत असेल तर पुढच्या कोसळण्यात पंचांचा कौल तिच्याकडे झुकतो. प्रॉप मंडळींना हे पक्कं माहीत असतं आणि म्हणून पहिल्या दोन स्क्रमवर ती जीव ओततात.

इंग्लंडविरुद्धच्या त्या उपांत्य सामन्याचं चित्रण मिळालं तर उत्तरार्ध पुन्हा बघा. जो मार्लर आणि डॅन कोल हे अनुभवी प्रॉप होते तोवर इंग्लंडचा स्क्रम तगून होता. त्यांच्या जागी एलिस गेंज आणि काइल सिंकलर आले, इकडून ऑक्स न्चे आला आणि पारडं फिरलं. न्चे लूजहेड, सिंकलर टाइटहेड, म्हणजे दोघे समोरासमोर. न्चेची पाठ बघा, ती शेवटपर्यंत सपाट राहते. विजयाची पेनल्टीही स्क्रममधूनच आली.

पेनल्टी मिळाली की कर्णधारापुढे पर्याय असतात: गोलावर मारून ३ गुण घ्यायचे, चेंडू बाहेर मारून पुढे जायचं आणि लाइनआउट आपलाच ठेवायचा, झटपट टॅप करून (चेंडूला पायाने हलकेच टोचून) पळायचं किंवा पुन्हा स्क्रम मागायचा. पुन्हा स्क्रम मागितला तर समजा की समोरचा प्रॉप मोडायच्या बेतात आहे.

प्रश्न (पुणे) : फ्रान्सच्या सामन्यात डेमियन विलेम्सेने स्वतःच्या बचाव क्षेत्रात ‘मार्क’ घेतला आणि चक्क स्क्रम मागितला. हे नंतर कुठल्याच सामन्यात दिसलं नाही. का?

उत्तर : कारण नियम बदलला. समोरच्याची किक स्वतःच्या २२ मीटर रेषेच्या आत थेट हवेत झेलून ‘मार्क’ म्हटलं की फ्री किक मिळते. तोवर फ्री किकऐवजी स्क्रम मागता येत असे, पण बहुतेक सगळे चेंडू लांब टोलवून मोकळे होत. विलेम्सेने हाताने स्क्रमची खूण केली ती फ्रान्सच्या फॉरवर्डना दमवण्यासाठी. १ जुलै २०२४ पासून फ्री किकवर स्क्रम मागता येत नाही, टॅप करा किंवा किक मारा. खेळ वेगवान ठेवण्यासाठी बदल केला असं कारण दिलं गेलं. स्क्रम आवडणाऱ्यांना तो रुचलेला नाही, आम्हालाही नाही.

प्रश्न (सातारा) : जागतिक क्रमवारीत संघ जिंकूनही गुण जवळजवळ वाढत नाहीत, कधी एका पराभवात धाडकन खाली येतात. हे गणित घरी करता येतं का?

उत्तर : कागद-पेन्सिलीने करता येतं. प्रत्येक संघाला ० ते १०० मधले गुण असतात. सामन्यात एकाचे जितके वाढतात तितकेच दुसऱ्याचे कमी होतात.

आधी यजमानाच्या गुणांत ३ मिळवा, कारण घरच्या मैदानाचा फायदा धरलेला आहे. सामना तटस्थ ठिकाणी असेल तर काही मिळवू नका. त्यातून पाहुण्याचे गुण वजा करा. आलेला फरक १० पेक्षा जास्त असेल तर १० च धरा. त्याला १० ने भागा.

समजा यजमानाचे ८८ गुण, पाहुण्याचे ९०. ८८ अधिक ३ वजा ९०, फरक १, भागून ०.१. यजमान जिंकला तर त्याला १ वजा ०.१ म्हणजे ०.९ गुण. पाहुणा जिंकला तर त्याला १ अधिक ०.१ म्हणजे १.१. बरोबरी झाली तर यजमानाचे ०.१ जातात, कारण घरी त्याचं पारडं जड मानलं होतं. १५ पेक्षा जास्त गुणांनी विजय मिळाला तर आलेल्या आकड्याची दीडपट: पाहुण्याचे १.६५. विश्वचषकाच्या सामन्यात याची दुप्पट.

आता तुमचं कोडं सुटेल. फरक १० किंवा त्याहून जास्त असला की बलाढ्य संघाला विजयाचे शून्य गुण मिळतात, पण हरला तर २ जातात, मोठ्या फरकाने हरला तर ३. म्हणून अव्वल संघाला घरच्या मैदानावर दुबळ्या पाहुण्याविरुद्ध मिळवण्यासारखं काहीच नसतं, गमावण्यासारखं मात्र बरंच. एक चूक बरेच जण करतात: बोनस गुण आणि क्रमवारी एकत्र करतात. ट्राय किती केले याचा क्रमवारीशी संबंध नाही.

प्रश्न (इंदूर) : मग बोनस गुण नेमके कुठे आणि कसे?

उत्तर : स्पर्धेच्या गुणतक्त्यात. विजयाला ४, बरोबरीला २. विश्वचषकात चार किंवा जास्त ट्राय केले की १ बोनस, मग सामना हरलात तरी. सात किंवा कमी गुणांनी हरलात तर १ बोनस. २०२३ च्या गटात स्प्रिंगबॉकचे तीन विजय म्हणजे १२, रोमानियाला ७६-० आणि टोंगाला ४९-१८ हरवताना ट्रायचे दोन बोनस, आयर्लंडविरुद्धच्या पराभवाचा एक, एकूण १५. स्कॉटलंडला १८-३ हरवलं तेव्हा ट्राय दोनच, म्हणून बोनस नाही. आयर्लंडचे १९ झाले आणि स्प्रिंगबॉक दुसऱ्या क्रमांकावर आले. त्यामुळेच पुढच्या फेरीत यजमान फ्रान्सशी गाठ पडली.

रग्बी चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि अर्जेंटिनाबरोबरच्या स्पर्धेत, ट्रायचा बोनस वेगळा आहे. तिथे समोरच्यापेक्षा तीन ट्राय जास्त हवेत. तुम्ही सात केले आणि समोरच्याने पाच, तर काही नाही. म्हणून या स्पर्धेत सामना जिंकलेला असूनही शेवटच्या मिनिटाला जीव तोडून गोलरेषा राखताना संघ दिसतात. २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंड दोघांचे १९ गुण झाले आणि विजेतेपद गुणफरकावर दक्षिण आफ्रिकेला मिळालं. त्याआधी सप्टेंबरमध्ये वेलिंग्टनला त्यांनी न्यूझीलंडला ४३-१० असं हरवलं होतं, तो फरक किती मोलाचा होता ते शेवटी कळलं.

प्रश्न (नाशिक) : सामन्यांच्या वेळा नेहमी चुकतात. गेल्या मोसमात एक सामना तासाभराने चुकला. काही ठोकताळा?

उत्तर : दक्षिण आफ्रिका वर्षभर आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. तिथे घड्याळ बदलत नाही. तिथला संध्याकाळी पाचचा सामना आपल्याकडे रात्री साडेआठला.

गडबड बाकीच्या देशांत होते. ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास मागे, एरवी साडेपाच. फ्रान्स तसाच साडेतीन आणि साडेचार. २०२३ चा अंतिम सामना २८ ऑक्टोबरला पॅरिसच्या रात्री नऊला होता, आपल्याकडे २९ तारखेच्या पहाटेचे साडेबारा. त्याच रात्री तिथली घड्याळं मागे गेली, सामना आणखी एक दिवस उशिरा असता तर दीड वाजले असते. नोव्हेंबरचा दौरा याच बदलानंतर असतो, तुमचा तास बहुधा तिथेच गेला.

न्यूझीलंड आपल्या साडेसहा तास पुढे, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेसात. ऑकलंडची संध्याकाळी ७:०५ ची किक सप्टेंबरच्या सुरुवातीला आपल्या दुपारी १२:३५ ला येते. अर्जेंटिना साडेआठ तास मागे, म्हणजे रविवारची पहाट. फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना भारतीय वेळ हाताने घालू नका. सामन्याच्या शहराचा वेळविभाग निवडून तिथली वेळ टाका, उरलेलं फोन बघून घेतो.

प्रश्न (ठाणे) : दक्षिण आफ्रिकेत जाऊन एक कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामना, प्रत्यक्ष बघायची आहे. मैदान कोणतं निवडावं, तयारी काय?

उत्तर : पहिल्यांदा जात असाल तर जोहान्सबर्गचं एलिस पार्क. समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो, म्हणून किकर स्वतःच्या अर्ध्यातूनही गोलावर मारायला बघतात. पाहुण्यांना साठाव्या मिनिटानंतर धाप लागते, हे स्टँडमधून उघड्या डोळ्यांनी दिसतं. १९९५ चा अंतिम सामना इथलाच: न्यूझीलंडविरुद्ध १५-१२, जोएल स्ट्रान्स्कीचा जादा वेळेतला ड्रॉप गोल (चेंडू हातातून टाकून उसळताच मारलेली किक) आणि कर्णधार फ्रान्स्वा पिनारची ६ नंबरची जर्सी घालून आलेले नेल्सन मंडेला. अर्थात उंची म्हणजे विजयाची हमी नव्हे. १६ ऑगस्ट २०२५ ला याच मैदानावर स्प्रिंगबॉक २२-० ने पुढे होते आणि ऑस्ट्रेलियाकडून ३८-२२ हरले.

प्रिटोरियाचं लॉफ्टस व्हर्सफेल्ड सुमारे १,३५० मीटरवर. गाउट्रेन या रेल्वेच्या हॅटफील्ड स्थानकावरून तिथे चालत जाता येतं, त्यामुळे एकट्याने जाणाऱ्याला हे सोयीचं. केपटाऊन देखणं, पण तिथे हिवाळ्यात पाऊस. ओल्या मैदानावर चेंडू हातात कमी आणि हवेत जास्त राहतो. डर्बन हिवाळ्यातही उबदार.

जागा निवडताना गोलामागची स्वस्त तिकिटं टाळा. स्क्रम आणि बचावाची रेषा बघायची तर बाजूच्या स्टँडमध्ये, २२ मीटर रेषेच्या आसपास, शक्य तितकं वर बसा. तिकीट दक्षिण आफ्रिकी मंडळाने नेमलेल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. न्यूझीलंडविरुद्धची तिकिटं चटकन संपतात, त्यामुळे आधी तिकीट, मग विमान.

विमानाचा एक सापळा सांभाळा. स्वस्त तिकिटं नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे असतात. हे देश पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. तिथल्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबा झाला तर दक्षिण आफ्रिकेत शिरताना लस घेतल्याचं प्रमाणपत्र मागितलं जातं. भारतात परततानाचा नियम वेगळा तपासून घ्या. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, म्हणजे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. व्हिसासाठी दीड-दोन महिने हाताशी ठेवा आणि पासपोर्टमध्ये दोन कोरी पानं असू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गची रात्र कडाक्याची असते, जाड जॅकेट आणि टोपी लागतेच. सामन्याच्या दोन-तीन तास आधी पोहोचा. वाहनतळावर लोक ‘ब्राय’ म्हणजे निखाऱ्यांवर मांस भाजण्याचा घाट घालून बसलेले असतात आणि अनोळखी माणसालाही बोलावतात. शाकाहारी असाल तर भाजलेलं मक्याचं कणीस बहुधा मिळतं, पण पोटाची सोय करून जा.

प्रश्न (मेलबर्न) : २०२७ चा विश्वचषक इथे ऑस्ट्रेलियात आहे. पुण्याहून आई-बाबा येणार आहेत. आधीपेक्षा वेगळं काय?

उत्तर : १ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर २०२७, संघ २० ऐवजी २४. चारचे सहा गट, प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकांतले सर्वोत्तम चार पुढे जातात, मग सोळांची फेरी. गटात प्रत्येकाचे तीनच सामने. म्हणजे २०२३ सारखा एक पराभव पचवता येईल, पण तिसऱ्या क्रमांकावरून जायचं तर बोनस गुणच तारतील. स्प्रिंगबॉक इटली, जॉर्जिया आणि रोमानियाच्या गटात आहेत. त्यातला जॉर्जियाचा सामना आई-बाबांना जरूर दाखवा. जॉर्जियाला स्क्रमचा पिढीजात अभिमान आहे.

घड्याळाचं म्हणाल तर ३ ऑक्टोबरपासून सिडनी आणि मेलबर्न भारताच्या साडेपाच तास पुढे, ॲडलेड पाच, ब्रिस्बेन आणि टाउन्सव्हिल साडेचार, पर्थ अडीच. घरी राहिलेल्यांना बहुतेक सामने दुपारी-संध्याकाळी, जागरणाशिवाय बघता येतील.

प्रश्न (मुंबई) : जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीग बघितली. खेळ फार आवडला, पण स्प्रिंगबॉकचा सामना लावला तर वेगळाच खेळ वाटला.

उत्तर : वेगळाच आहे. अंधेरीला तुम्ही बघितलंत ते ‘सेव्हन्स’: सात-सात खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन भाग, मैदान मात्र तेवढंच मोठं. त्यामुळे मोकळी जागा भरपूर आणि धाव महत्त्वाची. त्या लीगमध्ये सामने आणखी लांबवून चार भागांत खेळवले गेले. ऑलिंपिकमध्येही सेव्हन्सच असतं. दक्षिण आफ्रिकेच्या सेव्हन्स संघाचं नावही निराळं आहे, ‘ब्लिट्झबॉक’. पंधरांच्या खेळात ८० मिनिटं, स्क्रममध्ये तीन-तीनऐवजी आठ-आठ जण आणि जागा मिळवण्यासाठी आधी भिंत फोडावी लागते.

सवय लागण्यासाठी एक सामना तीनदा बघा. पहिल्यांदा नुसता. दुसऱ्यांदा फक्त स्क्रम आणि लाइनआउट, मधलं पुढे ढकला. तिसऱ्यांदा एकच खेळाडू धरा, ७ नंबरचा फ्लँकर, आणि चेंडू कुठेही असो, डोळे त्याच्यावरून हलवू नका. यासाठी २०२३ चा अंतिम सामना लावा. तिथे ७ नंबरवर पीटर-स्टेफ ड्यू टॉइट आहे, त्याचे २८ टॅकल मोजत बसा.